गाय आधी सांगते



या अंकात गाय विण्याच्या लक्षणांवर लिहिणार असे आम्ही गेल्या बैठकीत सांगितले, तेव्हा दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांनी तोंड वाकडे केले. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीजबिल, कर्ज एवढे सगळे तुंबून पडलेले असताना पत्रकाची पाने गाईच्या बाळंतपणावर कशाला खर्च करता? ते ज्याच्या त्याच्या गोठ्यातले काम. बायका बघतात. चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. फक्त गोठ्यातच चालणारे आणि बायकाच बघतात असे काम कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. जे हिशेबात नाही, त्याची लूट सर्वांत सोपी असते. म्हणून हा लेख.

नांदगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातली गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कारण अशी घरे प्रत्येक गावात आहेत. घरात एक संकरित गाय, दुसऱ्या वेताची. घरधनी कापसाची गाडी घेऊन गेला आणि काट्यापुढच्या रांगेत अडकला. घरवाली माहेरी, आजारी आईजवळ. घरात म्हातारे वडील आणि शाळेत जाणारा मुलगा. संध्याकाळी गाईने कडब्याला तोंड लावले नाही. सारखी ऊठबस करू लागली, मागे वळून कुशीकडे बघू लागली. म्हाताऱ्याला वाटले, पोट दुखते आहे. ओवा-हिंगाचा काढा पाजला. रात्री अकराच्या सुमारास पाणमोट फुटली. मग म्हणाले, आता विईल. वाट बघत बसले. बाराला एक पाय दिसला, दुसरा दिसेना. उजाडेपर्यंत तसेच. सकाळी डॉक्टर आले, हात घालून मागे दुमडलेला पाय सोडवला, पण वासरू मेले होते. वार पडली नाही, पोटात सडली. गाय वाचली. त्यानंतर तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली.

आता सांगा, या घराचे नुकसान कुठे नोंदले गेले? गाय मेली नाही, म्हणून विम्याचा दावा नाही. साधा पशुविमा जनावर मेल्यावर मिळतो. दुष्काळ नाही, म्हणून पंचनामा नाही. कोणत्याही सरकारी तक्त्यात हे घर नाही. आम्ही साधा हिशेब मांडतो. दिवसाला सरासरी 8 लिटर आणि 300 दिवस धरा. 2400 लिटर दूध. लिटरला 30 रुपये धरले तरी 72,000 रुपये. वासराची किंमत वेगळी. गाय भाकड राहिली तर तिचा कडबा वर्षानुवर्षे वेगळा. ज्या घरात कापूस दोन वर्षांतून एकदा धोका देतो, त्या घराचा आठवड्याचा बाजार या दुधावर चालतो. एका रात्रीत तो बंद झाला.

आणि गाईने सगळे आधी सांगितले होते. एक दिवस आधी सांगितले होते. वाचणारा कोणी नव्हता.

आम्ही शेतकी पदवीधर. गाईचा गाभण काळ सरासरी 280 ते 285 दिवस, हे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले. पण व्यायला टेकलेल्या गाईमागे एक रात्र आम्हाला कोणी बसवले नाही. ती विद्या आम्हाला पुढे गावोगाव फिरताना मिळाली, ती बहुतेक बायकांकडून. नोव्हेंबर 1986 मध्ये याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन भरले. शेतात राबणाऱ्या बाईचा घाम हिशेबात धरा, हे तिथे लाखोंच्या साक्षीने मांडले गेले. गोठ्यातली रात्र त्याच घामात येते. तेव्हा आधी ती विद्या नीट मांडू आणि मग भांडू.

पहिली गोष्ट तारीख. गाय भरवली तो दिवस गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. त्यात नऊ महिने नऊ दिवस मिळवा. 1 जानेवारीला भरली तर 10 ऑक्टोबरच्या आसपास विणार. पाच-सात दिवस मागे-पुढे होतात, देशी गाय थोडी जास्तच घेते. त्या तारखेच्या 60 दिवस आधी गाय आटवा. शेवटच्या थेंबापर्यंत पिळणाऱ्याला पुढच्या वेतात कास कमी मिळते.

दोन-तीन आठवडे आधी कास भरू लागते. पहिलारू कालवडीत हे त्याहूनही लवकर दिसते. निरण सुजते, सैल पडते, तिच्यावरच्या सुरकुत्या जातात. मधासारखा घट्ट, चिकट स्राव लोंबू लागतो. ही लक्षणे ‘जवळ आली’ एवढेच सांगतात. आज की उद्या, ते सांगत नाहीत.

आज-उद्याचे सांगते ते शेपटीचे मूळ. शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एरवी दोरीसारख्या ताठ लागतात. रोज संध्याकाळी तिथे बोटे दाबून बघा. शिरा ढिल्या पडल्या, दोन्हीकडे खड्डे पडले, शेपटीचे मूळ वर आल्यासारखे दिसले, की बहुधा एक-दोन दिवसांत गाय विते. सड ताठ होतात, त्यांच्यावर तकाकी येते, त्यांत चीक उतरतो. घरात थर्मामीटर असेल तर गुदद्वारातले तापमान रोज एकाच वेळी बघा. विण्याच्या आधीच्या दिवसात ते साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट उतरते. एका लक्षणावर भरवसा ठेवू नका. तीन लक्षणे एकत्र आली की खाट गोठ्याजवळ टाका.

मग कळा सुरू होतात. गाय खात नाही, कळपातून बाजूला होते, ऊठबस करते, शेपूट वर धरते, थोडे-थोडे मुतते, कुशीकडे बघते. म्हाताऱ्याने ओळखायला हवे होते ते हेच. पोटदुखीतही गाय असेच करते, म्हणून तर भिंतीवरची तारीख हवी. तारीख जवळ आणि खड्डे पडलेले असतील तर ते पोट दुखणे नव्हे. काढा नको, गर्दी नको, आरडाओरडा नको. ही अवस्था दोन ते सहा तास चालते, पहिलारूत बारा तासही लागतात.

पाणमोट फुटली की घड्याळ बघा. अंदाज नको, घड्याळ. इथून पुढे व्यालेल्या गाईला साधारण अर्धा ते एक तास, पहिलारूला दोन तासांपर्यंत. आधी पुढचे दोन पाय दिसले पाहिजेत, खुरांचे तळवे खाली, आणि त्या पायांवर टेकवलेले नाक. हे तिन्ही दिसले तर हात लावू नका, गाय तिचे काम करते. तळवे वर दिसले तर बहुधा वासरू पायाळू आहे. एकच पाय दिसला, नुसते डोके दिसले, नुसती शेपटी दिसली, किंवा गाय कळा देते आहे आणि तासाभरात काहीच पुढे सरकत नाही, तर गाय अडली. त्या क्षणी फोन. चार माणसांनी दोर लावून ओढायचे नाही. दुमडलेला पाय ओढून सरळ होत नाही, पिशवी फाटते.

विल्यावर नाकातोंडातला चिकटा पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासा-दोन तासांच्या आत चीक पाजा. इथे आम्हाला आपल्याच माणसांशी भांडायचे आहे. वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, हा आपल्या कितीतरी घरांतला नियम आहे. तो आजीने सांगितला असला तरी चूक आहे. गाईच्या पोटात असताना वासराला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती फक्त चिकातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद पहिल्या दिवसातच संपते. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक पोटात गेला पाहिजे. उलट वासरू सड ओढू लागले की पिशवी आकसते आणि वार पडायला मदतच होते. वार लोंबत राहिली तर तिला दगड किंवा जुनी चप्पल बांधणे हाही तसाच अडाणीपणा. आठ-बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टर. ओढायची नाही.

पुढचे तीन दिवसही डोळा हवा. चांगल्या दुधाची गाय विल्यावर बसली, उठेना, कान गार पडले, मान कुशीकडे वळवून पडून राहिली, तर तो दुग्धज्वर. ताप नसतो, रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. बसलेल्या गाईच्या तोंडात बाटली रिकामी करू नका, ती फुप्फुसात जाते. शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते आणि ते हळू द्यावे लागते. घाईत दिले तर हृदय बंद पडते. ते जाणत्याचेच काम.

आणखी एक. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल नावाच्या एका पशुपालक शेतकऱ्याने 1970 च्या दशकात पाहिले की, गाभण गाईंना शेवटच्या महिन्यात मुख्य चारा रात्री उशिरा टाकला तर बहुतेक गाई दिवसा वितात. आधी शेतकऱ्याने पाहिले, मग विद्यापीठांनी तपासून मान्य केले. आपल्याकडे याला खर्च शून्य आहे. कडब्याची मोठी वैरण सकाळऐवजी रात्री टाकायची, एवढेच. खात्री नाही, पण सरासरी आपल्या बाजूला झुकते.

इथवर आपले काम झाले. आता दुसऱ्या बाजूकडे वळू.

गाय का अडते? वासरू आडवे आले, पाय दुमडला, हे नशिबाचे. पण वासरू मोठे आणि वाट लहान, हे नशिबाचे नाही. दूध वाढवा म्हणून गेली पन्नासहून अधिक वर्षे आपल्याला संकर शिकवला गेला. संकराला आमचा विरोध नाही. त्याने कोरडवाहू घरात रोजचा पैसा आणला हे आम्ही नाकारत नाही. पण लहान चणीच्या देशी किंवा अर्धवट वाढलेल्या कालवडीला होल्स्टीनसारख्या थोराड जातीचे रेतन केले तर वासरू अडण्याची भीती वाढते, जर्सीचे केले तर कमी असते, हे कोणत्या रेतन करणाऱ्याने तुमच्या गोठ्यात उभे राहून सांगितले? कांडी कोणत्या वळूची, एवढे तरी सांगितले? विकणाऱ्याने कांडी विकली, सरकारने उद्दिष्ट पूर्ण केले, आणि धोका कोणाच्या गोठ्यात राहिला?

फोन करा, असे आम्ही वर लिहिले. कोणाला? राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्ये सांगितले होते की दर 5,000 जनावरांमागे एक पशुवैद्य हवा. त्याला पन्नास वर्षे होत आली. आपल्या तालुक्यात पदवीधर डॉक्टर किती आणि जनावरे किती, हा भागाकार प्रत्येकाने बोटांवर करून पाहावा. वर्षानुवर्षे दवाखान्यांचे दोन वर्ग राहिले, श्रेणी 1 मध्ये डॉक्टर आणि श्रेणी 2 मध्ये पशुधन पर्यवेक्षक. खेड्यातल्या गाईच्या वाट्याला बहुधा दुसरा. पर्यवेक्षकांचा दोष नाही, त्यांतले कित्येक रात्री-बेरात्री धावतात. दोष त्या व्यवस्थेचा, जिने दवाखान्याची वेळ ठरवताना गाय कधी विते हे विचारात घेतले नाही. आता 1962 हा फोन आणि फिरते पथक आले आहे. चांगले झाले. नंबर गोठ्यात लिहून ठेवा. पण रात्री अकराला पाणमोट फुटली तर पथक किती वाजता दारात येईल, हे लेखी सांगा, एवढे आम्ही विचारतो.

आणि भाव? कापूस आणि ज्वारीला निदान कागदावर हमीभाव आहे. तो पुरत नाही, मिळत नाही, हे भांडण वेगळे. पण त्याच्या खर्चाच्या तक्त्यात घरच्या मजुरीचा रकाना तरी आहे. दुधाला हमीभावही नाही आणि तो रकानाही नाही. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला किमान 34 रुपये जाहीर केले. काही महिन्यांत तो दर कागदावर राहिला, आणि 2024 च्या सुरुवातीला लिटरमागे 5 रुपये अनुदान देण्याची पाळी आली. दर पाळला गेला असता तर अनुदान कशाला लागले असते? विण्याआधीच्या चार रात्री आणि नंतरच्या तीन, अशा सात रात्री घरातले कोणीतरी जागते. कारखान्यात रात्रपाळी केली तर भत्ता मिळतो. गोठ्यातल्या रात्रपाळीला ‘गोसेवा’ म्हणतात. सेवेला मजुरी मागायची नसते, म्हणून हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे ते ओळखा.

याच गोडव्याचा कळस 30 सप्टेंबर 2024 रोजी झाला. सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केले. त्याच वेळी देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये देण्याचा निर्णय झाला. कोणाला? गोशाळांना. जी गाय शेतकऱ्याच्या दावणीला आहे, जिच्यासाठी तो रात्र जागतो, तिला पदवी. जी त्याच्या दावणीवरून सुटली, तिला पैसे.

आता या सगळ्याची गाठ कुठे बसते ते पाहा. विण्याची एक रात्र चुकली, वार सडली, गाय भाकड झाली. राज्यात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होतीच. 1995 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने लागू झाली आणि बैल-वळूही त्यात आले. बाजारातून भाकड आणि म्हाताऱ्या जनावराचे गिऱ्हाईक गेले. पूर्वी जुना बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर टाकून नवे जनावर दावणीला येई. ती साखळी तुटली. आज गोऱ्हा जन्मला की गोठ्यात कोणाचा चेहरा खुलत नाही, हे मनाला लावून घ्यावे असे आहे. पण ते शेतकरी निर्दय झाला म्हणून नव्हे. ज्याला विकता येत नाही त्याला पोसण्याचा भार ज्यांनी आपल्यावर टाकला, त्यांनी चाऱ्याची एक पेंढीही दिली नाही. म्हणूनच विण्याची रात्र आज पूर्वीपेक्षा महाग आहे. चूक झाली तर माघारीची वाट नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आमच्या मागण्या या.

एक, प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फलकावर त्या आठवड्यातल्या रात्रीच्या जबाबदार माणसाचे नाव आणि फोन असावा. दोन, रेतन करताना वळूची जात आणि चण शेतकऱ्याला लेखी मिळावी, आणि लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीची कांडी भरू नये. तीन, दुधाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची, विशेषतः बायांची, दिवसाची आणि रात्रीची मजुरी धरावी, आणि जाहीर केलेला दर पाळण्याची सक्ती व्हावी. चार, शेतकऱ्याचे जनावर ही त्याची मालमत्ता आहे. ते विकायची मुभा नाकारायची असेल, तर नाकारणाऱ्याने बाजारभावाने ते विकत घ्यावे.

मागण्या सरकारकडे, आणि काम आपल्याकडे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. गावात किती गाई व्याल्या, किती अडल्या, फोन किती वाजता केला, माणूस किती वाजता आला, किती वासरे गेली, किती गाई पुन्हा गाभण राहिल्या नाहीत, एवढेच लिहायचे. वही लिहिणाऱ्याचे अक्षर वाईट असले तरी चालेल. जे घर गोठा बघते त्या घरच्या बाईला विचारून लिहा, तिला तारखासुद्धा आठवतात. आज अधिकाऱ्यासमोर आपण ‘फार नुकसान होते’ म्हणतो आणि तो मान डोलावतो. उद्या शंभर गावांच्या वह्या टेबलावर ठेवल्या तर त्याला मान डोलावून भागणार नाही.

ज्या कार्यकर्त्यांनी तोंड वाकडे केले होते, त्यांच्यातल्या एकाची गाय पुढच्या पंधरवड्यात विणार आहे. भरवल्याची तारीख विचारली, तर ती त्यांना सांगता आली नाही. घरात विचारून सांगतो, म्हणाले.